अकरांची निवड आणि क्रीडापानाचे मौन

समाजवादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत क्रिकेटचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास ऐकू येतो. हा साहेबाने आणलेला, राजेरजवाड्यांनी पोसलेला आणि आता भांडवलदारांनी ताब्यात घेतलेला खेळ. चळवळीच्या साप्ताहिकाने त्यावर आपली तुटपुंजी पाने का खर्ची घालावीत? आक्षेप घेणारा कार्यकर्ता थोड्या वेळाने व्हरांड्यात जाऊन धावसंख्या विचारून येतो, ही गोष्ट वेगळी. डॉ. राममनोहर लोहियांविषयी अशीच एक आख्यायिका सांगितली जाते. १९६० साली पाकिस्तानचा संघ मुंबईत कसोटी सामना खेळत असताना लोहियांनी पत्रकार परिषदेत क्रिकेट या वसाहतवादी अवशेषावर कडाडून हल्ला चढविला. पत्रकार पांगले, तेव्हा ते रस्ता ओलांडून पानाच्या दुकानाशी गेले आणि हनीफ महंमद बाद झाला काय याची त्यांनी विचारपूस केली. गोष्ट कितपत खरी हे सांगणाऱ्यांनाच ठाऊक. परंतु एवढ्या वर्षांत तिचे कोणी खंडन करीत नाही, यातच तिचे मर्म आहे.

तेव्हा क्रिकेट आवडते की नाही, हा येथे प्रश्नच नाही. देशाच्या नावाने चालणारी एक मक्तेदार संस्था अतिशय दुर्मिळ अशा संधीचे वाटप कोणत्या रीतीने करते, आणि तिला त्याचा जाब विचारण्याचे काम ज्यांनी पत्करले आहे ते क्रीडापत्रकार ते काम करतात की नाही, हा प्रश्न आहे. आणि तो सर्वस्वी सार्वजनिक स्वरूपाचा आहे.

ज्याला संघनिवड म्हणतात ती आज केवळ मानाची बाब उरलेली नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने २०१६ साली कसोटी सामन्याचे मानधन प्रत्येक खेळाडूमागे १५ लाख रुपये केले. २०२१ साली रणजी सामन्यांचे मानधन वाढविण्यात आले, ते अनुभवानुसार दिवसाला ४० ते ६० हजार रुपये असे. म्हणजे चार दिवस उन्हात राबणाऱ्या रणजी खेळाडूच्या पदरी १ लाख ६० हजार ते २ लाख ४० हजार पडतात. त्यापलीकडे २०१८ साली मंडळाने आखलेल्या वार्षिक करारांच्या श्रेणी १ कोटीपासून ७ कोटींपर्यंत चढत गेल्या. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर निवड समितीच्या एका बैठकीत ज्या उत्पन्नाचे वाटप होते, त्यात शेवटच्या निवडलेल्या आणि पहिल्या वगळलेल्या खेळाडूच्या गुणवत्तेतील फरक केसाएवढा असतो आणि मोबदल्यातील फरक डोंगराएवढा. तलाठ्याच्या भरतीत याहून कितीतरी लहान फरकासाठी गुणवत्ता यादी लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात आणि प्रसंगी न्यायालयात उत्तर द्यावे लागते. येथे पंधरा-सोळा नावांचा एक कागद बाहेर येतो. वगळलेल्याला कारण कळत नाही. बहुधा वार्ताहरांनाही कळत नाही. आणि जे त्यांना कळते ते छापता येण्याजोगे नसते, असे त्यांचे म्हणणे असते.

हे नेहमीच असे होते असे नाही. या देशात संघनिवडीवरून जो पहिला मोठा सार्वजनिक वाद झाला तो जातीचा होता, आणि तो वृत्तपत्रांतून झाला. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज पुण्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्यावर मैदान राखण्याचे काम करीत वाढले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले व आपली बाजू जाहीर निवेदनाने लोकांपुढे मांडली. तीनच वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल हिंदूंच्या संघाचे कर्णधार झाले. जिमखान्याच्या कारभाऱ्यांचे हृदयपरिवर्तन झाले असे मानण्याचे कारण नाही. मधल्या काळात राष्ट्रीय चळवळीने अस्पृश्यतेचा प्रश्न ऐरणीवर आणला होता, आणि बंद खोलीतील कारण उघड्यावर आले की ते टिकत नाही एवढेच त्यातून सिद्ध झाले.

पक्षीय साप्ताहिकांच्या वाचकांना आणखी जवळची वाटावी अशी एक हकीगत त्रिनिदादची आहे. वेस्ट इंडीजचा संघ १९२८ साली कसोटी क्रिकेटमध्ये उतरला तेव्हापासून कर्णधार गोरा वा गोऱ्यासारखा असावा, हा तेथील अलिखित नियम होता. जॉर्ज हेडलीसारख्या थोर फलंदाजाला १९४८ साली एका कसोटीपुरते नेतृत्व मिळाले, तेवढेच. १९५८ साली सी. एल. आर. जेम्स हे मार्क्सवादी इतिहासकार पंचवीसेक वर्षांच्या परदेशवासानंतर मायदेशी परतले आणि तेथील राष्ट्रवादी पक्षाच्या ‘द नेशन’ या साप्ताहिकाचे संपादक झाले. हेटीतील गुलामांच्या क्रांतीचा इतिहास लिहिणारा हा माणूस १९३० च्या दशकात ‘मँचेस्टर गार्डियन’साठी क्रिकेटचे वृत्तांतही लिहीत असे, त्याला या दोन कामांत विसंगती वाटत नव्हती. १९५९-६० साली इंग्लंडचा संघ दौऱ्यावर आला तेव्हा जेम्स यांनी आपल्या साप्ताहिकातून एकच मागणी लावून धरली: फ्रँक वॉरेल यांना कर्णधार करा.

या मोहिमेची रीत पाहण्यासारखी आहे. ‘आमच्या माणसाला संधी द्या’ अशी ती भावनिक हाक नव्हती. वॉरेल यांची कामगिरी काय, भारतात आलेल्या कॉमनवेल्थ संघाचे नेतृत्व त्यांनी कसे केले, विद्यमान कर्णधार जेरी अलेक्झांडर यांच्या तुलनेत त्यांचा अनुभव किती, याची मांडणी जेम्स यांनी आठवड्यामागून आठवडे केली आणि ‘मग वॉरेल का नाहीत?’ याचे उत्तर कारभाऱ्यांकडे मागितले. त्याच दौऱ्यात पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत प्रेक्षकांनी मैदानावर बाटल्या फेकल्या. बहुतेकांनी त्याला हुल्लडबाजी म्हटले. जेम्स यांनी त्या क्षोभाचे मूळ लोकांच्या मनातील कारभाऱ्यांविषयीच्या अविश्वासात शोधले. अखेर १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल यांची कर्णधार म्हणून निवड झाली. ब्रिस्बेनचा बरोबरीत सुटलेला पहिला कसोटी सामना त्याच दौऱ्यातला. आणि १९६२ साली नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्यासाठी रक्त देणारे कर्णधार ते हेच वॉरेल. ज्यांचे कर्णधारपद गेले ते अलेक्झांडर त्यांच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून खेळले आणि त्या मालिकेत आपल्या संघाच्या फलंदाजांत सरासरीने अव्वल ठरले. मोहीम व्यक्तीविरुद्ध नव्हती, रीतीविरुद्ध होती, याची याहून चांगली पावती कोणती?

भारतातील रीत वेगळी होती. तिचे नाव विभागवार प्रतिनिधित्व. पाच विभाग, प्रत्येकाचा एक निवडकर्ता. वरवर पाहता ही संघराज्याला साजेशी व्यवस्था. प्रत्यक्षात ती देवघेवीची पेठ झाली. निवडकर्त्याला समितीत बसविणार त्याच्या विभागातील संघटना. त्याच संघटना मंडळाचे पदाधिकारीही निवडून देणार. अशा स्थितीत आपल्या विभागाचा एक खेळाडू संघात आणणे हे निवडकर्त्याचे कर्तव्य ठरते आणि त्या बदल्यात दुसऱ्याच्या खेळाडूला मत देणे हा व्यवहार. माणसे वाईट असण्याची त्यासाठी गरज नाही. प्रलोभनांची रचनाच तशी असली की सज्जनही तसेच वागतात. विजय मर्चंट यांनी १९७१ च्या जानेवारीत समसमान मते पडल्यावर अध्यक्षाचे निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकर यांना कर्णधार केले, हा त्या पेठेतला अपवाद म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. (संस्थानिकांचे तनखे ज्या वर्षी गेले त्याच वर्षी एका नबाबाचे कर्णधारपद स्टेट बँकेतील नोकरदाराकडे गेले, हा योगायोग त्या काळच्या समाजवाद्यांना गोड वाटला असल्यास नवल नाही.) वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकलेल्या त्या संघात हिंदू जिमखान्याच्या मैदान राखणाऱ्याचा मुलगा एकनाथ सोलकरही होता. मात्र त्याच वाडेकरांच्या संघाचा १९७४ साली इंग्लंडमध्ये धुव्वा उडाला तेव्हा त्यांच्या घरावर दगड पडले, आणि पुढे पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले.

लोढा समितीच्या शिफारशींनंतर, २०१६ पासून, विभागवार निवडकर्ता ही तरतूद कागदावरून गेली. व्यवहारातून ती गेली काय? २०२४ च्या सप्टेंबरात निवड समितीत एक बदल झाला: पश्चिम विभागातील दोन सदस्यांपैकी एक बाहेर पडले आणि उत्तर विभागातील माजी कसोटीपटू आत आले. बाहेर पडलेल्याच्या कामात काय उणे होते आणि आलेल्याची अधिक योग्यता कोणती, हे क्रीडापानांनी विचारले नाही. विभागांचा समतोल साधला गेला, अशी बातमी दिली, जणू तो नियमच होता.

पद्माकर शिवलकर यांचे नाव मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. प्रथम श्रेणीत ५८९ बळी. १९७३ च्या रणजी अंतिम सामन्यात मद्रासला एका डावात १६ धावांत ८ आणि सामन्यात १३. कसोटी सामने शून्य. हरियाणाचे राजिंदर गोयल यांचे रणजी करंडकातच ६३७ बळी. कसोटी सामने शून्य. दोघांनाही २०१७ साली मंडळाने जीवनगौरव दिला. गोयल २०२० साली गेले, शिवलकर २०२५ च्या मार्चमध्ये. दोघेही डावखुरे फिरकी गोलंदाज, आणि दोघांच्या वाटेत बिशनसिंग बेदी उभे होते. बेदींना वगळून या दोघांपैकी एकाला खेळवायला हवे होते असे म्हणणे अवघड आहे. येथे अन्याय सिद्ध करण्याचा हेतू नाही. परंतु १९७४ साली बंगळूरच्या कसोटीतून बेदींना मंडळानेच शिस्तभंगासाठी वगळले (इंग्लंडच्या दूरचित्रवाणीला मुलाखत दिली, हा त्यांचा अपराध!) तेव्हा गोयल यांना बोलावले गेले, आणि तरी अकरांत ते नव्हते. का? खेळपट्टी पाहून, की अन्य काही पाहून? निर्णय बरोबरही असेल. शिवलकर आणि गोयल यांची आयुष्ये त्या ‘का?’च्या उत्तराविना सरली, आणि ते उत्तर मिळविणे ज्यांचे काम होते त्यांनी पुढे त्यांच्यावर ‘दुर्दैवी’ या विशेषणाने हळहळणारे लेख लिहिले. दैव हा शब्द क्रीडापत्रकारितेत फार सोयीचा आहे. त्यामुळे कोणाचे नाव घ्यावे लागत नाही.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. विदर्भाच्या फैज फझल यांनी २०१६ च्या जूनमध्ये झिंबाब्वेविरुद्ध एक एकदिवसीय सामना खेळला आणि नाबाद ५५ धावा केल्या. पुढच्याच वर्षीच्या, २०१७-१८ च्या, रणजी हंगामात त्यांनी ९१२ धावा केल्या, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला. पुढच्या हंगामातही तो राखला. भारतासाठी त्यांना दुसरा सामना कधीच मिळाला नाही. मुंबईच्या एखाद्या तरुणाच्या बाबतीत हे घडते तर मुंबईची पाने महिनाभर पेटली असती. नागपूरच्या बाबतीत ती हळहळलीसुद्धा नाहीत. निवड समितीवर प्रांतीयतेचा आरोप करणाऱ्या क्रीडापत्रकारितेने आपल्या स्वतःच्या प्रांतीयतेचा हिशेब कधी मांडला आहे काय?

एकेकाळी याच पत्रकारितेचा पाया फार खालून, मैदानावरून, उभा राहत असे. शालेय सामन्यांचे, कांगा लीगचे, कार्यालयीन स्पर्धांचे धावफलक मुंबईची दैनिके नेमाने छापीत. सचिन तेंडुलकर यांनी स्वतः सांगितलेली एक आठवण या संदर्भात मोलाची आहे. शाळेच्या एका सामन्यात त्यांनी २४ धावा केल्या. ३० धावा करणाऱ्याचेच नाव वर्तमानपत्रात येई. गुणलेखकाने अवांतर धावांतल्या ६ धावा काढून त्यांच्या नावावर चढविल्या आणि नाव छापून आले. रमाकांत आचरेकरांना हे कळले तेव्हा त्यांनी शिष्याची चांगलीच खरडपट्टी काढली. गोष्ट बहुधा गुरूच्या शिस्तीचा दाखला म्हणून सांगितली जाते. तिच्यातला दुसरा अर्थ असा की वर्तमानपत्रातल्या बारीक टाइपातील त्या एका ओळीला तेव्हा इतके मोल होते की ती मिळविण्यासाठी लबाडीही करावीशी वाटे. निवडकर्ता सगळीकडे पोहोचू शकत नाही. ती ओळ पोहोचत असे. कामगार वस्तीतल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलाजवळ तेवढी एकच शिफारस असे.

वि. वि. करमरकर यांनी ‘महाराष्ट्र टाइम्स’मधून मराठी दैनिकात क्रीडापान रुजविले. त्यांचे वैशिष्ट्य क्रिकेटपुरते नव्हते. कबड्डी आणि खो-खो यांना त्यांनी त्याच पानावर मानाची जागा दिली आणि क्रीडासंघटनांच्या कारभारावर ते सातत्याने लिहीत राहिले. २०२३ साली ते गेले तेव्हा सगळ्यांनी आदरांजली वाहिली. त्यांची पद्धत मात्र कोणी वारसाहक्काने घेतली नाही. ती महाग पडते: त्यासाठी वार्ताहर चार दिवस मैदानावर बसवावा लागतो. त्यापेक्षा नामवंत खेळाडूने समाजमाध्यमावर काय टाकले याची बातमी स्वस्त, आणि वाचकही अधिक. आजच्या क्रीडापानात मत पुष्कळ असते, वृत्तांत थोडा.

परंतु केवळ आळसाने वा खर्चाच्या भीतीने हे घडले असते तर ते सुधारताही आले असते. खरी ग्यानबाची मेख प्रक्षेपणाच्या पैशात आहे. मंडळाने २०२२ साली आयपीएलचे पुढील पाच हंगामांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले. एवढी रक्कम मोजणारा उद्योगसमूह खेळाचे चित्रच विकत घेतो असे नव्हे, तर त्या चित्रासोबतचा शब्दही आपल्या हिताचा असावा असे त्याला वाटणारच. आणि शब्दाचे नियंत्रण आधी मंडळानेच करून दाखविले होते. भारतातील सामन्यांचे समालोचक मंडळाने थेट करारावर घेतले, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे माजी कर्णधार इयन चॅपल यांनी अशा एका कामाला नकार दिल्याची हकीगत २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यांनी दिलेले कारण असे की संघनिवड, मंडळाचा कारभार आणि पंचांच्या निर्णयांचा फेरविचार करण्याची पद्धत या तीन विषयांवर बोलण्यास मनाई होती. संघनिवडीवर न बोलता क्रिकेटचे समालोचन करणे म्हणजे अंदाजपत्रकावर न बोलता अर्थनीतीवर व्याख्यान देणे. चॅपल यांनी ते नाकारले, बाकीच्यांनी स्वीकारले. पुढे २०१६ साली हर्षा भोगले आणि २०२० साली संजय मांजरेकर यांना समालोचकांच्या ताफ्यातून दूर करण्यात आले, तेव्हाही जाहीर कारण मिळाले नाही. म्हणजे खेळाडूच्या निवडीची जी रीत, तीच समालोचकाच्या निवडीची!

जो वार्ताहर मंडळाच्या पगारावर नाही, त्याची परवड वेगळी. त्याचे भांडवल म्हणजे ओळखी. खेळाडूची मुलाखत, निवडकर्त्याचा कानोसा, ‘अंतर्गत सूत्रां’चा निरोप यांवर त्याची उपजीविका चालते आणि हे सारे गमावण्याची भीती त्याला कारण विचारू देत नाही. या व्यवहाराचे ओंगळ रूप २०२२ साली उघड झाले. यष्टिरक्षक वृद्धिमान साहा यांना कसोटी संघातून वगळले गेले त्याच दिवसांत एका नामवंत पत्रकाराने मुलाखतीसाठी पाठविलेले धमकीवजा निरोप साहा यांनी जाहीर केले. चौकशी झाली आणि त्या पत्रकारावर दोन वर्षांची बंदी आली. शिक्षेबद्दल बहुतेकांनी समाधान व्यक्त केले. ती कोणी दिली हे मात्र विसरले गेले. ती मंडळाने दिली, पत्रकारांच्या कोणत्या संघटनेने नव्हे. ज्यांनी मंडळाचा न्यायनिवाडा करायचा त्यांचाच न्यायनिवाडा मंडळ करू लागले, आणि तो बहुतांशी योग्य होता ही त्यातली अधिकच खेदाची बाब. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या फेब्रुवारीत, एका वृत्तवाहिनीने छुप्या कॅमेऱ्यासमोर निवड समितीच्या अध्यक्षांना बोलते केले. अध्यक्षांनी राजीनामा दिला. उघड प्रश्न विचारण्याचे धैर्य नसलेली पत्रकारिता चोरून ऐकण्याचे धाडस करते. त्यातून एका माणसाची खुर्ची गेली. संघ कसा निवडला जातो हे वाचकाला त्यानंतरही कळले नाही.

मोहिंदर अमरनाथ यांचे उदाहरण याच जातीचे, पण अधिक गंभीर. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील पराभवांच्या मालिकेनंतर २०१२ साली निवड समितीला महेंद्रसिंग धोनी यांच्याकडून कर्णधारपद काढून घ्यावे असे वाटत होते, पण मंडळाच्या अध्यक्षांनी मान्यता दिली नाही, हे अमरनाथ यांनी स्वतः समितीबाहेर पडल्यावर दूरचित्रवाणीवर सांगितले. संघाला अध्यक्षांची संमती लागे, असा तेव्हा नियम होता. ते अध्यक्ष एका सिमेंट कंपनीचे चालक होते आणि धोनी ज्या आयपीएल संघाचे कर्णधार होते तो संघ त्याच कंपनीच्या मालकीचा होता. मंत्र्याच्या बाबतीत असा हितसंबंध उघड झाला असता तर विधिमंडळाचे कामकाज बंद पडले असते.

दार बंद असले की बाहेर संशय वाढतो. आणि संशय नेहमीच योग्य दिशेने वाढतो असे नाही. सरफराज खान हा मुंबईच्या मैदानांवर वडिलांच्या हाताखाली घडलेला फलंदाज. २०१९-२० च्या रणजी हंगामात त्याने ९२८ धावा केल्या, २०२१-२२ मध्ये ९८२. कसोटीत पदार्पण झाले ते २०२४ च्या फेब्रुवारीत राजकोटला. ६२ आणि नाबाद ६८. त्याच वर्षी ऑक्टोबरात बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध १५०. आणि २०२५ च्या इंग्लंड दौऱ्याच्या संघात तो नव्हता. मधल्या काळात त्याच्या धावांपेक्षा त्याच्या वजनावर अधिक लिहिले गेले. संघ जाहीर करताना निवड समितीचे अध्यक्ष आता पत्रकारांसमोर बसतात, ही सुधारणा मान्य केली पाहिजे. परंतु तेथे मिळणारे उत्तर दोन वाक्यांपलीकडे जात नाही, आणि तिसरे वाक्य मागणारा उपप्रश्न क्वचितच येतो. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात भारत ‘अ’ संघातही त्याचे नाव नव्हते, तेव्हा त्याच्या धर्माकडे बोट दाखविणारा सवाल राजकीय वर्तुळातून आला, आणि लगोलग त्याची उलट बाजू घेणारा गदारोळ सुरू झाला. धर्मामुळे त्याला वगळले असे म्हणण्यास कोणताही पुरावा पुढे आलेला नाही. तसा पुरावा नसताना आरोप करणे बेजबाबदारपणाचे आहे, आणि मुसलमान खेळाडूला देशभक्तीच्या कसोटीला लावणाऱ्यांच्या हाती त्यामुळे कोलीतच मिळते. परंतु ज्या वातावरणात आज देश आहे, त्यात कारण न सांगणे हेही तेवढेच बेजबाबदारपणाचे नव्हे काय? पाच माणसांनी कोणते सामने पाहिले, कोणत्या उणिवा नोंदविल्या आणि त्या खेळाडूला कळविल्या की नाही, एवढे कागदावर असते तर तो तरुण या चिखलफेकीचे निमित्त झाला नसता.

यावर मंडळाचे ठरीव उत्तर आहे: आम्ही खासगी संस्था आहोत. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने मंडळ हे घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ नाही असा निर्णय दिला. मात्र ते सार्वजनिक कार्य करते हेही न्यायालयाने नाकारले नाही. २०१८ साली विधी आयोगाने मंडळाला माहितीच्या अधिकाराखाली आणण्याची शिफारस केली आणि केंद्रीय माहिती आयोगाने तसा आदेशही दिला. तो अमलात आला नाही. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याच्या मूळ मसुद्यात ही तरतूद येईलसे वाटत होते. संमत झालेल्या रूपात माहितीचा अधिकार सरकारी अनुदान घेणाऱ्या संघटनांपुरता राहिला. म्हणजे जी कुस्ती वा खो-खो संघटना सरकारच्या चार पैशांवर जगते तिने हिशेब द्यावा, आणि जी देशाचे नाव, देशाचा प्रेक्षक आणि देशातील पोलीस बंदोबस्त वापरून अब्जावधी मिळविते तिने मात्र देऊ नये. या दुरुस्तीवर क्रीडापानांत किती अग्रलेखवजा मजकूर आला, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

मागणी मोठी नाही. प्रत्येक संघनिवडीनंतर, मालिका संपल्यावर का होईना, समितीने बैठकीचे टिपण प्रसिद्ध करावे. प्रत्येक निवडकर्त्याने त्या हंगामात प्रत्यक्ष पाहिलेल्या सामन्यांची यादी त्यासोबत जोडावी. वगळलेल्या खेळाडूला कारण लेखी द्यावे. ते जाहीर करायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे. निवड हा अखेर विवेकाचा विषय आहे, गुणांची बेरीज नव्हे, हे मान्य करूनही एवढे करता येते. न्यायाधीशाचा निकालही विवेकाचाच असतो. म्हणून तो कारणांशिवाय दिला जात नाही.

आणि मंडळ ते करीत नाही तोवर? जेम्स यांच्याजवळ मंडळाचे ओळखपत्र नव्हते, निवडकर्त्यांशी गोडीगुलाबी नव्हती. पक्षाचे एक साप्ताहिक होते आणि आकडे होते. महाराष्ट्रातील समाजवादी साप्ताहिकांनी दुष्काळाच्या छावण्यांवर, साखर कारखान्यांच्या ताळेबंदांवर जिल्ह्याजिल्ह्यांतून वार्तापत्रे मागविली. खेळाच्या मैदानावरून एकही मागविले नाही. रणजीचे सामने पुण्याजवळ गहुंजेला, नागपूरजवळ जामठ्याला, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात होतात. बहुतेक खुर्च्या रिकाम्या असतात. तेथे चार दिवस बसून कोण कसा खेळला आणि पाहायला कोणता निवडकर्ता आला होता हे लिहून पाठविणारा कार्यकर्ता नागपूर, पुणे, मुंबई या तीन ठिकाणी मिळून एक-एक जरी निघाला, तरी येत्या हंगामात सुरुवात करता येईल.